लाईन टाकता टाकता : पेपर टाकणारे, वाट बघणारे आणि शाळेतलं क्रश

आयर्विनचा_कठडा (धागाकर्ता)

शाळेत असताना घरोघरी पेपर टाकलेलं इथे कोणी आहे का?

मागच्या आठवड्यात आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तुमचं शाळेतलं क्रश कोण' असा रिकामटेकडा विषय निघाला आणि पन्नाशीला आलेले बाप्ये धडाधड नावं टाकायला लागले. त्यातल्या दोघीजणी ग्रुपवरच आहेत, एकीचा नवराही आहे, याचं भान कोणाला नाही. मी गप्प बसलो. माझी गोष्ट पेपरच्या लाईनीशिवाय (लाईन म्हणजे रोज पेपर टाकायची ठरलेली घरं) सांगता येत नाही, आणि मी पेपर टाकायचो हे त्या ग्रुपवर आजही कोणाला माहीत नाही (असं मला वाटतं). इथे टोपणनाव आहे, तेव्हा इथेच.

सांगली, १९९०-९१. मी नववीत. वडिलांचं काम सुटलेलं, आम्ही खणभागात दोन खोल्यांत. आईने ओळखीने एका पेपरवाल्या अण्णांकडे मला लावलं. महिना नव्वद रुपये, खाडा झाला की तीन रुपये कट. पहाटे साडेचारला स्टँडजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर हजर व्हायचं. कोल्हापूरकडून गाड्या यायच्या, गठ्ठे धाडकन फुटपाथवर पडायचे, अण्णा सुतळी कापायचे आणि आम्ही पोरं मांडी घालून पुरवण्या भरायला बसायचो. डाव्या अंगठ्याने घडी उचलायची, उजव्या हाताने पुरवणी आत सरकवायची, गुडघ्याने ढीग पुढे ढकलायचा. हात बसला की झोपेतही होतं. मग लाईनीप्रमाणे पेपर लावून घ्यायचे. घरं आम्ही नावाने ओळखायचोच नाही. 'जाळीचं दार, पुढारी.' 'वरचे वकील, सकाळ आणि टाइम्स.' 'कुत्रं, तरुण भारत.'

सगळ्यात वैताग शाईचा. बोटांच्या पेरांत जाऊन बसायची, साबणाला दाद द्यायची नाही. रॉकेलचा बोळा फिरवला की निघायची, पण मग वर्गात हाताला रॉकेलचा वास. काळी बोटं की रॉकेल, हे रोज सकाळी ठरवायचं. मी बहुतेकदा काळी बोटं घेऊन जायचो आणि हात बाकाखाली ठेवायचो.

कारण ती माझ्याच वर्गात, मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर. घर विश्रामबागेत, माझ्या लाईनीच्या शेवटाकडे. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्यांतली. टेबल खिडकीला लावलेलं, दिवा चालू. मी एप्रिलातही माकडटोपी घालून जायचो. कोपऱ्यावर सायकल लावायची, चपला काढून हातात घ्यायच्या आणि फाटक न वाजवता आत. लांबून फेकता आला असता, पण तिच्या वडिलांनी अण्णांना बजावून ठेवलेलं, अंगणात सडा असतो, पेपर भिजतो, जाळीतच खोचायचा. आणि जाळी नेमकी त्या खिडकीला लागून.

शेवटी मी दुसऱ्या पोराशी लाईन बदलून घेतली. त्याची लाईन लांब, वर दोन कुत्री. काही दिवस सुखात गेले. मग चैन पडेना. अण्णांना काहीतरी थाप मारून जुनी लाईन परत मागून घेतली. अण्णा म्हणाले, 'तुझ्या डोक्यात नक्की काय चाललंय?' ते मलाही सांगता आलं नसतं.

पण खरी गोची बिलाची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुलीला पोरांनीच जायचं, संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा पावतीपुस्तक धरून फाटकाशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. बेल वाजवली. दार तिनेच उघडलं. लख्ख उजेड, डोक्यावर टोपी नाही, अंगात शाळेचाच पांढरा शर्ट. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ बघितलं, आणि आत वळून ओरडली, 'बाबा, पेपरचं बिल आलंय!'

बस. 'अरे, तू?' नाही, हसणं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात अवाक्षर नाही. कोणाला सांगितल्याचंही कधी कानावर आलं नाही. दहावी होईपर्यंत दर महिन्याला हेच.

पस्तीस वर्षं होत आली. तिने मला ओळखलंच नव्हतं, की ओळखून न ओळखल्यासारखं केलं?

---

तिसरी_चाळ

भारी लिहिलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गिरगावात आमच्या चाळीत असली गुप्तता अशक्य. कॉमन गॅलरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस दारं, आणि प्रत्येक दाराबाहेर दात घासणारं कोणीतरी. मी माझ्याच चाळीत पेपर टाकायचो. पेपर दाराच्या फटीतून सरकवताना आतून काकू 'थांब रे, कालची पुरवणी नव्हती' म्हणून हाक मारायच्या. माझं जे काही होतं ते तिसऱ्या माळ्यावर, आणि मी तिसरा माळा सगळ्यात शेवटी का घेतो हे अख्ख्या चाळीला माहीत होतं, माझ्या आईसकट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ओळखलं. शंभर टक्के. वर्गात रोज तोंड बघतोय तर दारात ओळखणार नाही?

---

काडीपेटी

न ओळखण्याची शक्यता तुम्ही लोक धरतच नाही. नववीतल्या मुलीला वर्गातल्या मागच्या बाकांवरची निम्मी मुलं सारखीच दिसतात. धागाकर्त्याने मनातल्या मनात सिनेमा काढलाय.

शिवाय थोडं बोचरं बोलतो : दार उघडल्यावर माणसाला दिसतो तो पेपरवाला. दूधवाला, इस्त्रीवाला, पेपरवाला. तोंडाकडे कोण बघतं? तुमच्याकडे सध्या पेपर कोण टाकतो, त्याचा चेहरा आठवतोय का कोणाला?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

सदाशिवी_खवट

काडीपेटींचा दुसरा परिच्छेद पटला, नाइलाजाने.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पहाटे एकदा जाऊन बघा. दिवसा तिथे पुस्तकांची गर्दी, पण उजाडायच्या आधी तो चौक पेपरवाल्यांचा. दुकानांच्या पायऱ्यांवर, रस्त्यावर, सायकलींच्या कॅरियरवर पेपरच पेपर. मी अकरावी-बारावीत ते काम केलं, नारायण पेठेची लाईन. आमच्याकडे क्रशला वाव नव्हता, गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून वेळ मिळाला तर ना! एका आजोबांना पेपरला मधोमध घडी पडलेली चालायची नाही. गुंडाळी तर नाहीच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पेपर फेकायचा तर तीन घड्या घालून घट्ट पिळ देणार, नाहीतर तो हवेत सुटतो आणि पुरवणी खालच्या बिऱ्हाडात, मुख्य अंक झाडावर. पण आजोबांना सपाट पेपर हवा. रोज दोन जिने चढून त्यांच्या पायपुसण्यावर तो आडवा ठेवायचा, मथळा दाराकडे करून.

त्यांच्या नातीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

---

तिसरी_चाळ

@सदाशिवी_खवट, म्हणजे मथळा दाराकडे करायची शिस्त आजोबांमुळे नव्हतीच तर!

---

सदाशिवी_खवट

पुढील प्रश्न घ्या.

---

उभे_आडवे_शब्द

मी पेपर टाकणारी नाही, वाट बघणारी. सोलापूर, आठवीत असेन.

रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं यायचं, ते मी सोडवायचे. घरात दुसऱ्या कोणाला त्यात रस नाही असा माझा समज. एका रविवारी कोड्यात आधीच एक शब्द भरलेला. पेन्सिलने, बारीक अक्षरात, आणि बरोबर! मी भडकले. पुढच्या रविवारी पुन्हा एक. तो नेमका अवघड असलेला, मी अडकले असते असा. मग राग जाऊन भलतंच काहीतरी सुरू झालं. आमच्याकडे पेपर टाकायला एक उंच, शिडशिडीत मुलगा यायचा, हँडलला गोणपाटाची पिशवी. मी गणित मांडलं : पेपर छापखान्यातून येतो, त्याच्या हातात येतो, मग माझ्या. तिसरं कोण असणार?

मी लवकर उठायला लागले. आई खूश, मुलगी अभ्यासाला उठते म्हणून. मी गॅलरीतून त्याच्याकडे बघायचे, तो वर बघायचाही नाही. मला वाटायचं, काय संयम आहे!

हे बरेच महिने चाललं. मग एका रविवारी मी फारच लवकर उठले, तर पुढच्या खोलीत आजोबा आरामखुर्चीत, कानाला पेन्सिल, मांडीवर पुरवणी. 'उठलीस? पाच उभा तुला येणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय,' म्हणाले.

त्या मुलाला बिचाऱ्याला यातलं काहीही माहीत नाही.

---

काडीपेटी

हा प्रतिसाद धाग्याचा सारांश म्हणून वर चिकटवा :))

---

मनीमाऊ_७४

धागाकर्त्याच्या प्रश्नावर एका बाईचं मत ऐका. वरचे सगळे पुरुष 'ओळखलं की नाही' यातच अडकलेत.

१९९० च्या आसपासचं मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळ, वडील घरात, शेजारचे अंगणात. नववीतली मुलगी दारात आलेल्या मुलाला 'अरे, तू?' म्हणाली, की पुढच्या मिनिटाला आतून प्रश्न : कोण गं? वर्गातला का? तू ओळखतेस? बोलतेस का त्याच्याशी? आमच्या शाळेत तर मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचं म्हणजे वही मागायलासुद्धा मॉनिटरमार्फत जावं लागायचं. तिने 'पेपरचं बिल' म्हटलं ते तुम्हाला वाचवायला की काय, हा प्रश्न नंतरचा. आधी तिने स्वतःला वाचवलं.

आणि वर्गात बोलली नाही, तेही त्यातच आलं. बोलली असती तर तुमच्या पेपरचं कळलं असतंच, पण त्याआधी तिला चिडवायला सुरुवात झाली असती.

अवांतर : नाशिकला आमच्या पेपरवाल्या मुलाची सायकल चेन तीन घरं आधीपासून ऐकू यायची. मी वेणी घालत असायचे. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. चेनला तेल घालायला सांगावं असं आई रोज म्हणायची आणि मी रोज मनात म्हणायचे, नको.

---

आयर्विनचा_कठडा

@मनीमाऊ, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या दारात फक्त मी उभा होतो असं समजत आलो. थोडा वेळ द्या, पचवतो.

---

डाक_आवृत्ती

माझी गोष्ट १९८३ ची, पुसदची. आमच्याकडे नागपूरहून पेपर यायचा, तोही डाक आवृत्ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लांबच्या गावांना जाणारा अंक आधी छापून रवाना करतात, शहरातला मागाहून. म्हणजे रात्री उशिरा घडलेलं आमच्या अंकात नसायचंच. एसटीच्या टपावरून गठ्ठा उतरायचा तेव्हा बातम्या शिळ्या झालेल्या असायच्या, पण आमचा पेपर तोच.

२५ जून, शनिवार. लॉर्ड्सवर फायनल. आपल्या इंग्लंडशी साडेचार तासांच्या फरकामुळे सामना संपायला इथे मध्यरात्र झाली. भारत १८३ त आटोपला तेव्हाच आमच्या गल्लीतले अर्धे लोक झोपायला गेले. मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर रेडिओला कान लावून बसलो होतो, घरी न सांगता. वेस्ट इंडीज १४० त खलास झाले तेव्हा टपरीवाल्याने आम्हा सगळ्यांना फुकट चहा पाजला.

घरी गेलोच नाही. तिथेच गठ्ठ्याची वाट बघत पडलो. सकाळी लाईनीवर निघालो तर पेपरात फक्त आपली बॅटिंग! १८३. पुढे काही नाही. आता आमच्या शाळेतल्या एका सरांची मुलगी, माझ्याहून एक यत्ता पुढे, क्रिकेटवेडी. पूर्वी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी फाटकात उभी. रात्री त्यांच्याकडे वीज गेलेली आणि ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले. पेपर माझ्या हातातून ओढून घेतला, पान उलटलं आणि तोंड इतकंसं झालं.

'त्रेचाळीस रनांनी जिंकलो,' मी म्हणालो.

'खोटं!'

'आईशप्पथ.'

मग तिने सगळं विचारलं. रिचर्ड्सचा कॅच कोणी घेतला, विकेटा कोणी काढल्या. मी फाटकावर सायकल टेकवून जे जे ऐकलं होतं ते सांगितलं, थोडं पदरचं घालून. उरलेल्या लाईनीला पेपर नऊ वाजता मिळाले आणि मालकाने माझा दिवस कापला. कापू दे.

---

म्हापशेकार

आमच्या गोव्यात पेपरवाल्याचं काही खरं नाही. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो, भोंपू वाजवत. सगळं वाड्यावरचं लोक बाहेर येतं ते पावासाठी. मी गोमन्तक नि नवप्रभा टाकायचो, त्याच वेळेला. जिच्यासाठी मी केस विंचरून जायचो ती हसत बाहेर यायची, ती पोदेराकडे बघून. 'आज उंडे आहेत?' पेपर मी तिच्या पायरीवर ठेवायचो, ती वरून उडी मारून पोदेराकडे जायची.

जून लागला की पेपर शर्टाच्या आत, पोटाला बांधून. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे.

---

विक्रेता_दुसरी_पिढी

गोष्टी वाचून मजा आली. मी धंद्यातला माणूस, वडिलांची एजन्सी चालवतो. थोडी दुसरी बाजू.

तुम्ही सगळे दोन-तीन वर्षं पेपर टाकून निघून गेलात, म्हणून गोड आठवतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सकाळचा चहा घरी घेतला नाही. वर्षातून मोजके दिवस अंक निघत नाही, स्वातंत्र्यदिन, दिवाळी, धुळवड असल्या सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी. तेवढीच रजा. लग्न, मयत, ताप, काही असलं तरी लाईन गेलीच पाहिजे. पोरगा आला नाही तर मालकाने स्वतः जायचं. परत न घेतलेले अंक अंगावर पडतात, रद्दीच्या भावाने जातात. आणि वसुली! धागाकर्त्याने एका दाराची गोष्ट सांगितली. 'उद्या ये', 'साहेब नाहीत', 'मधे चार दिवस गावाला होतो, ते वजा कर' असलं ऐकून पोरं रडकुंडीला यायची.

आता शाळकरी पोरं ठेवत नाही. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायलाच बंदी. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हात लावला तर चालतो, अशी सूट आहे. तशीही पोरं येत नाहीत. माझ्याकडे आता टाकणारे सगळे चाळिशीचे बाप्ये, सकाळी पेपर, मग दूध, मग कुरिअर. २०२० च्या टाळेबंदीत घरपोच पेपर बंद झाला, तेव्हा जी घरं तुटली त्यातली बरीच परत आली नाहीत. सोसायटीत आता पेपर वॉचमनच्या टेबलावर ठेवायचा, नाहीतर लिफ्टने वर जाऊन दाराच्या कडीला अडकवायचा. गॅलरीत कोणी उभं नसतं.

---

काडीपेटी

@विक्रेता, तुमच्यामुळे लिहायला धीर आला. मी विचारणारच होतो : चौदा वर्षांच्या पोराला पहाटे साडेचारला फुटपाथवर बसवणं, खाडा झाला की पैसे कापणं, याला आपण 'रम्य ते बालपण' का म्हणतोय? आता कोणीतरी कलामसाहेबांचं नाव घेणारच.

---

न्यू_जर्सी_नागपूर_व्हाया_दादर

घेतोच. कलाम लहानपणी रामेश्वरमला पेपर टाकायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते कशामुळे, ते सहसा सांगत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली. रामेश्वरम ते धनुष्कोडी रस्त्यावर पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकले जायचे. त्यांच्या चुलतभावाकडे पेपरचं वाटप होतं, त्याला ते गठ्ठे झेलायला माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे कलाम. पहिली कमाई त्यातली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर, त्यांचा जन्मदिवस, विक्रेते लोक वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात ते यामुळे.

आणि अमेरिकेत तर याची तारीखच आहे : ४ सप्टेंबर १८३३. न्यूयॉर्कच्या 'सन' या पेपरने जाहिरात देऊन रस्त्यावर पेपर विकायला माणसं मागवली, तर बार्नी फ्लाहर्टी नावाचा दहा वर्षांचा मुलगा आला. पेपर विकणारा पहिला पोरगा म्हणून त्याचंच नाव घेतात. मी इकडे आलो तोवर मात्र मोटारीतून पिशवीत घातलेला पेपर ड्राइव्हवेवर भिरकावून जाणारे मोठे लोकच पाहिले. त्यांच्यावर कोणाचं क्रश असेल असं वाटत नाही, अंधारात दिसतात फक्त दिवे.

---

आयर्विनचा_कठडा

काडीपेटी, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी त्याला रम्य म्हटलेलं नाही, वर जाऊन बघा. पहिला पगार आईच्या हातात दिला तेव्हा तिने त्यातले दहा परत दिले आणि उरलेल्यांचं त्याच दिवशी रेशन आणलं. दहा रुपयांचं भडंग आणि रीफिल आणलं मी. त्या घरात नव्वद रुपये मोठी रक्कम होती. तेव्हा कोणी बंदी घातली असती तर आम्हीच बोंब मारली असती. ते योग्य होतं का, हा प्रश्न वेगळा. माझ्या मुलाला मी पाठवलं असतं का? नाही.

पण एक सांगतो. गाव मला त्या दोन वर्षांत जितकं कळलं तितकं नंतर कधी नाही. कोणाच्या घरी रात्रभर दिवा जळतो, कोण पहाटे भांडतं, कोणी अचानक पेपर बंद केला म्हणजे तिथे काय झालं असेल. पावसाळ्यात कृष्णा फुगली की मारुती चौकात पाणी कुठवर आलंय हे अण्णा पहिल्यांदा आम्हाला विचारायचे. पाणी चढलं तरी गावभागातली काही मंडळी माळ्यावर बसून पेपरची वाट बघायची, पुराची बातमी वाचायला! त्यांच्या दारात पाणी, आणि त्यांना पेपरात ते किती फूट लिहिलंय ते बघायचं असायचं.

---

मनीमाऊ_७४

ते सगळं ठीक. मूळ मुद्द्यावर या. तुम्ही म्हणालात, दर महिन्याला बिलाला जायचात आणि 'हेच'. म्हणजे नेमकं काय? दर वेळी दार तीच उघडायची?

---

आयर्विनचा_कठडा

बहुतेक वेळा.

---

मनीमाऊ_७४

आणि पैसे? वडील द्यायचे?

---

आयर्विनचा_कठडा

पहिल्या वेळी वडील. आतून पाकीट घेऊन आले, शंभराची नोट काढली, माझ्याकडे सुटे नव्हते, 'मग उद्या ये' म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

पुढच्या महिन्यापासून पैसे तीच आणून द्यायची. बेल वाजवली की लगेच नाही, आत जाऊन यायची. मुठीत नोटा आणि वर चिल्लर, मोजून बरोब्बर बिलाएवढी. पन्नास पैसेसुद्धा कमी-जास्त नाहीत. मला कधी थांबावं लागलं नाही आणि पुन्हा कधी 'उद्या ये' ऐकावं लागलं नाही. माझ्या अख्ख्या लाईनीत असं एकच घर. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणायचो की बरं झालं, लवकर सुटका झाली.

तुम्ही विचारलंत म्हणून आज हे लिहिताना लक्षात आलं.

---

मनीमाऊ_७४

बघा म्हणजे झालं.

---

तिसरी_चाळ

अरे देवा. ग्रुपवर आहे का ती?

---

आयर्विनचा_कठडा

नाही. आणि असती तरी विचारलं नसतं.

---

काडीपेटी

सुटे पैसे बापाने काढून ठेवले असतील हो. शंभराच्या नोटेचा घोळ एकदा झाल्यावर कोणीही शहाणा माणूस काढून ठेवतो.

---

विक्रेता_दुसरी_पिढी

चाळीस वर्षं आमच्या घरात हा धंदा आहे. असा शहाणा बाप मला अजून भेटायचाय.